वेल्डिंगनंतरची भट्टी : स्टेनलेसचा जोड तारते केव्हा, मारते केव्हा?

आपल्या समाजातील पुष्कळ बंधू फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहेत. कुर्ला, भिवंडी, भोसरी, तळोजे, लोटे-परशुराम अशा ठिकाणी त्यांच्या शेड आहेत. कुणी डाइंगवाल्यांच्या टाक्या करतो, कुणी हॉटेलची भटारखाने उभी करतो, कुणी दुधाच्या आणि केमिकलच्या कारखान्यांची पात्रे बनवतो. आखातात चार-सहा वर्षे काढून, आर्गॉन वेल्डिंगचा हात बसवून परतलेली आपली मुलेही याच धंद्यात उतरतात. हात चांगला असतो, मेहनतीला कमी नसते. पण एका गोष्टीची माहिती नसल्यामुळे चांगल्या हाताने केलेले कामही पाण्यात जाते. ती गोष्ट म्हणजे वेल्डिंग झाल्यावर स्टेनलेस स्टीलला दिलेली उष्णता. आज या पानावर तिचाच विचार करू.

प्रथम स्वतःचीच चूक सांगतो, कारण शिकलो ते तिच्यातूनच.

काही वर्षांपूर्वी एका रासायनिक कारखान्याकडून आम्हाला पातळ नायट्रिक ॲसिडच्या टाकीचे काम मिळाले. सहा मिलिमीटरचा ३०४ ग्रेडचा पत्रा, वर-खाली डिश एंड, चार नोझल. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ होती : वेल्डिंगनंतर ताण काढण्यासाठी भट्टीत घालावे. ही ओळ साध्या लोखंडाच्या, म्हणजे एमएसच्या, कुठल्यातरी जुन्या ड्रॉइंगवरून उचललेली होती हे त्या वेळी ना त्यांच्या लक्षात आले ना आमच्या. आम्ही टाकी भट्टीवाल्याकडे पाठवली. त्याने एमएसच्या रीतीने ६२० अंश सेल्सियसला तासभर ठेवली आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ दिली. आलेखाचा कागद टाकीबरोबर आला, आम्ही तो फाइलला लावला आणि पूर्ण बिल घेतले.

आठव्या महिन्यात फोन आला. टाकी पाझरत होती. जाऊन पाहिले तर एका ठिकाणी नव्हे, जागोजागी ओल होती. हातोडीने ठोकले की स्टीलचा टणत्कार येत नव्हता, मडके फुटल्यासारखा बद्द आवाज येत होता. आतला भाग बोटाने घासला तर साखरेसारखे बारीक कण हाताला लागले.

मी तिथूनच पत्र्याच्या व्यापाऱ्यांना फोन लावला. वयाने वडीलधारे, बाजारात शब्दाला किंमत असलेले गृहस्थ. मी त्यांना वाटेल ते बोललो. ३०४ सांगून डुप्लिकेट माल दिलात, असेही म्हणालो. त्यांनी आवाज न चढवता एवढेच सांगितले, "बेटा, तुकडा कापून लॅबमध्ये दे. माझा माल खोटा निघाला तर पैसे मी भरीन."

लॅबचा कागद आला. कार्बन ०.०६ टक्के, क्रोमियम अठराच्या वर, निकेल आठच्या वर. पत्रा अस्सल ३०४ होता. दोष आमच्या भट्टीचा होता.

स्टेनलेस गंजत का नाही?

स्टेनलेस स्टील लोखंडाचेच असते. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले की त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा आपोआप तयार होतो. तो केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण स्टीलचे सगळे संरक्षण तोच करतो. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो. मात्र त्यासाठी त्या जागी पुरेसे क्रोमियम असावे लागते. क्रोमियम कमी पडले की पापुद्रा कच्चा राहतो आणि ॲसिडला किंवा मिठाला वाट मिळते.

आपण रोज वापरतो त्या ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून ते खाऱ्या पाण्याला जास्त टिकते. दोन्हींमध्ये कार्बन अगदी थोडा, जास्तीत जास्त ०.०८ टक्के असतो. सारे भांडण या चिमूटभर कार्बनचे आहे.

बांधावरचे क्रोमियम

कोणताही धातू आतून एकसंध नसतो. तो बारीक बारीक कणांचा बनलेला असतो. वरून पाहिले तर शेतांचे तुकडे आणि त्यांच्यामधले बांध दिसावेत तशी ती रचना असते. स्टील साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान राहिले की त्यातला कार्बन जागा सोडून या बांधांवर गोळा होतो आणि तिथे क्रोमियमशी संयोग पावतो. क्रोमियम कार्बाइड नावाचे कडक दाणे बांधावर तयार होतात.

या संयोगात कार्बनचे सहा अणू क्रोमियमचे तेवीस अणू अडकवतात. वजनाच्या हिशेबाने एक ग्रॅम कार्बन सुमारे साडेसोळा ग्रॅम क्रोमियम खातो. शंभर किलो ३०४ पत्र्यात ०.०८ टक्के म्हणजे ८० ग्रॅम कार्बन धरला, तर तो जास्तीत जास्त तेराशे ग्रॅम क्रोमियम अडकवील. एकूण अठरा किलोमधून सव्वा-दीड किलो गेले तर काय बिघडले, असे कुणालाही वाटेल. पण क्रोमियमचा अणू आकाराने मोठा, त्याची चाल मंद. दूरचे क्रोमियम बांधापर्यंत पोचत नाही. कार्बन जवळचे तेवढे ओढून घेतो. त्यामुळे शेताच्या मधोमध अठरा टक्के कायम राहतात आणि बांधालगतच्या चिंचोळ्या पट्टीत मात्र क्रोमियम बारा टक्क्यांच्याही खाली उतरते. तिथे पापुद्रा टिकत नाही. ॲसिड बांधाबांधाने आत शिरते, बांध वाहून जातात आणि सगळे कण सुटे होतात. माझ्या हाताला लागलेली "साखर" ती हीच.

या बिघाडाला धंद्यात सेन्सिटायझेशन म्हणतात. सर्वांत वाईट भाग असा की पत्रा वरून जसाच्या तसा चकचकीत दिसतो. जाडी तीच, वजन तेच, बफिंगही उत्तम होते. काम ॲसिडला लागेपर्यंत काही कळत नाही.

ही तक्रार जुनी आहे. जर्मनीत क्रुप कंपनीत १९१२ साली आणि इंग्लंडमध्ये शेफिल्डला हॅरी ब्रिअरली यांच्या हातून १९१३ साली स्टेनलेस स्टील पुढे आले. पुढे वेल्डिंग वाढले तसे जोडाच्या शेजारीच पात्रे सडू लागली. क्रोमियम बांधावरून कमी होते म्हणून असे घडते, हे बेन, अबॉर्न आणि रदरफोर्ड या तिघांनी १९३३ मध्ये मांडले. आजही तेच कारण मानले जाते.

जोडाच्या शेजारीच का?

वेल्डिंग करताना खुद्द जोड वितळतो आणि धोक्याच्या पट्ट्यातून झटकन खाली येतो. पण जोडापासून काही मिलिमीटर अंतरावर पत्रा वितळत नाही, नुसता सहाशे-सातशे अंशांवर रेंगाळतो. म्हणून जोडाच्या दोन्ही अंगांना त्याला समांतर असे दोन कमजोर पट्टे तयार होतात. जाड पत्रा, जास्त अँपिअर, एकावर एक न थांबता मारलेले रन, यांनी पट्टे रुंदावतात.

आता याच टाकीला भट्टीत घालून ६२० अंशांवर तासभर ठेवले तर काय होईल? जे दोन पट्ट्यांपुरते होते ते संपूर्ण टाकीला होईल. माझ्या टाकीचे हेच झाले. भट्टीत न घालता तशीच दिली असती तर कदाचित जोडांच्या कडेला त्रास झाला असता. भट्टीत घालून आम्ही तिचा इंचन् इंच कमजोर केला.

एमएसचा नियम इथे चालत नाही

बॉयलर आणि एमएसच्या जाड पात्रांचे काम करणाऱ्यांना ६०० ते ६५० अंशांची भट्टी नवी नाही. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला तासभर ठेवायचे आणि सावकाश थंड करायचे. त्याने एमएसमधला वेल्डिंगचा ताण निघतो. एमएसला हे योग्यच आहे. पण ३०४ आणि ३१६ च्या दृष्टीने हा आकडा नेमका धोक्याच्या पट्ट्याच्या मध्यावर पडतो. शिवाय या तापमानाला स्टेनलेसमधला ताण पुरता निघतही नाही, फार तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कमी होतो. म्हणजे फायदा अर्धवट आणि नुकसान पूर्ण.

प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडमध्येही, ज्यावर आपल्याकडची कितीतरी कामे होतात, या जातीच्या स्टीलला वेल्डिंगनंतरची भट्टी सक्तीची नाही. मनाईही नाही. म्हणजे निर्णय करणाऱ्यावर सोडला आहे, आणि म्हणूनच माहिती हवी.

एक खबरदारी सांगतो. हे सारे चुंबकाला न चिकटणाऱ्या ३००च्या मालिकेबद्दल आहे. चाकू, कात्री, पंपाचे शाफ्ट ज्याचे होतात त्या ४१० आणि ४२० ला वेल्डिंगनंतर तापवावेच लागते, नाहीतर जोड ठिसूळ होऊन तडकतो. ४३० चा स्वभाव तर अगदी उलटा. तो सव्वानऊशे अंशांच्या वर जाऊन झटकन थंड झाला की बिघडतो आणि ६५० ते ८१५ अंशांवर तापवल्याने सुधारतो. म्हणून आधी ग्रेड विचारा, मग भट्टी पेटवा.

खरी भट्टी कोणती?

बिघडलेले ३०४ दुरुस्त होते का? होते. पण त्यासाठी अर्धवट नव्हे, पुरते तापवावे लागते. १०४० ते ११०० अंशांपर्यंत नेले की बांधावरचे कार्बाइड विरघळते आणि क्रोमियम व कार्बन पुन्हा सगळीकडे पसरतात. याला सोल्यूशन ॲनीलिंग म्हणतात. मात्र खाली येताना तोच ८५० ते ४२५ चा पट्टा वाटेत लागतो. तिथे रेंगाळले तर केले-सवरले सारे वाया. हा पट्टा साधारण तीन मिनिटांच्या आत ओलांडायला हवा. जाड काम पाण्यात बुडवावे लागते, पातळ पत्र्याला जोराचा वारा पुरतो.

आपल्या लोहार बंधूंना इथे नवल वाटेल. कोयत्याला पाणी दिले की तो कडक होतो. ३०४ ला पाणी दिले की ते मऊ होते. घाबरू नये, या स्टीलचा स्वभावच तसा आहे.

नोझल, छोटे फ्लँज, वाकवलेले पाइप, डिश एंड अशा सुट्या मालाला ही भट्टी देता येते. मोठ्या टाकीला देणे कठीण. अकराशे अंशांवर पत्रा मऊ पडतो, टाकी आपल्याच वजनाने बसते, पाण्यात बुडवताना वाकडी होते. वर जाड काळी पपडी येते, ती ॲसिडने काढावी लागते. म्हणून टाकीच्या कामात बिघडवून दुरुस्त करण्यापेक्षा बिघडूच न देणे स्वस्त पडते.

बिघडू न देण्याचे मार्ग

पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कमी कार्बनचा पत्रा. ३०४ एल आणि ३१६ एल मध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. खायला कार्बनच नाही तर क्रोमियम अडकणार कशाने? ०.०८ टक्के कार्बनचा पत्रा धोक्याच्या पट्ट्यात थोड्या मिनिटांतच बिघडू लागतो, एल ग्रेडला कित्येक तास लागतात. वेल्डिंगला लागणाऱ्या वेळात त्याला काही होत नाही. मात्र एल घेतले म्हणून ६२० च्या भट्टीत निर्धास्त घालावे असे नाही. भट्टीत तासन् तास राहिले तर एलही बिघडते.

पूर्वी एल ग्रेड बनवणे खर्चाचे काम होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वितळलेल्या स्टीलमधून आर्गॉन आणि ऑक्सिजन फुंकून कार्बन काढण्याची रीत कारखान्यांत आली आणि एल ग्रेड आवाक्यात आला. आज एकाच पत्र्यावर ३०४ आणि ३०४ एल असे दोन्ही शिक्के मिळतात. ॲसिडचे काम असेल तर तोच मागावा.

दुसरा मार्ग ३२१ आणि ३४७ ग्रेडचा. ३२१ मध्ये टायटॅनियम आणि ३४७ मध्ये निओबियम असते. हे दोघे क्रोमियमच्या आधी कार्बनला धरून ठेवतात. काम सतत चारशे-आठशे अंशांच्या उष्णतेतच चालणार असेल, उदाहरणार्थ धुराड्याचे पाइप, तर एलपेक्षा हे बरे. ३२१ जोडताना रॉड ३४७ चा घ्यावा, कारण टायटॅनियम वेल्डिंगच्या ठिणगीत जळून जाते. कडक ॲसिडच्या कामात ३२१ ला वेल्डिंगनंतर ८५० ते ९०० अंशांची भट्टी दिली जाते. तिथे टायटॅनियम उरलासुरला कार्बन बांधून घेते.

तिसरा मार्ग हाताचा. ३०४ एल ला ३०८ एल चा रॉड किंवा वायर, ३१६ एल ला ३१६ एल ची. पत्रा एल आणि रॉड साधा, असे करू नये. अँपिअर एमएसपेक्षा कमी ठेवावा. रॉड फार न झुलवता सरळ आणि बारीक रन मारावा. पुढचा रन मारण्यापूर्वी जोड दीडशे अंशांच्या खाली आला पाहिजे. त्यासाठी तापमानाचे खडू बाजारात मिळतात. स्टेनलेसमधून उष्णता एमएसच्या मानाने सुमारे एक तृतीयांश वेगाने पसरते आणि ते फुगते मात्र दीडपट. म्हणून पत्रा ओढला जातो. टाके जवळजवळ मारावेत, आणि जमेल तिथे मागे तांब्याची पट्टी लावावी, म्हणजे ती उष्णता पिऊन घेते.

गॅस मारून सरळ करणे

भट्टी नसलेल्या शेडमध्येही हीच चूक रोज होते, ती वेगळ्या वेषात. वेल्डिंगने फ्लँज वाकडा झाला, पत्र्याला झोल आला, की आपला कारागीर गॅसचा टॉर्च पेटवतो, जागा लाल करतो आणि हातोडी मारून सरळ करतो. एमएसला हे चालते. स्टेनलेसमध्ये मंद लाल रंग दिसू लागतो तो साडेपाचशे-सहाशे अंशांना आणि चांगला लालबुंद होतो तो साडेसातशे-आठशेला. म्हणजे डोळ्यांना लाल दिसते तेवढा सारा काळ आपण धोक्याच्या पट्ट्यात असतो. ॲसिडला लागणारे काम थंडच सरळ करावे. जॅक लावावा, प्रेस वापरावा, नाहीतर टाके तोडून पुन्हा बसवावे. वेळ जातो, पण टाकी जात नाही.

ताण काढायचाच असेल तर?

काही ठिकाणी ताण काढणे खरोखर गरजेचे असते. गरम खारे पाणी किंवा क्लोराइड असलेले द्रव साठ अंशांच्या वर असेल तर ताण राहिलेल्या ३०४ ला झाडाच्या फांद्यांसारख्या चिरा पडतात. अशा वेळी एल किंवा ३२१ घेऊन सुमारे ९०० अंशांवर ताण काढतात आणि लवकर थंड करतात. पण हे तज्ज्ञाला विचारून, कागदावर घेऊन करायचे काम आहे. कित्येकदा ग्रेडच बदलणे स्वस्त पडते. ४२५ च्या खाली तापवले तर स्टील सहसा बिघडत नाही, पण ताणही थोडाच कमी होतो.

रंग काढल्याशिवाय माल देऊ नये

जोडाच्या कडेला येणारा पिवळा, तांबूस, निळा रंग शोभेचा नव्हे. तो उष्णतेने जाड झालेला ऑक्साइड आहे आणि त्याच्या खालचे क्रोमियम कमी झालेले असते. तो काढलाच पाहिजे. पिकलिंग पेस्ट लावून भरपूर पाण्याने धुवावे, मग नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेशन करावे. सायट्रिक ॲसिड चार ते दहा टक्क्यांचे चालते आणि हाताळायला कमी धोक्याचे असते.

पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही. रबरी हातमोजे, चष्मा, भरपूर पाणी आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल ठेवल्याशिवाय मुलांच्या हाती पेस्ट देऊ नका. लागलेच तर लगेच धुवून, जेल चोळून थेट दवाखान्यात न्यावे.

एमएसवर वापरलेला तारेचा ब्रश आणि ग्राइंडिंगची चाके स्टेनलेसला लावू नयेत. लोखंडाचे कण रुततात आणि दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके दिसतात. मात्र एक लक्षात ठेवा : पिकलिंगने रंग जातो, सेन्सिटायझेशन जात नाही. ते पत्र्याच्या आत असते.

व्यापारी बंधूंसाठी

मुंबईत दुर्गादेवी स्ट्रीट, कुंभारवाडा आणि दारूखान्यापासून कळंबोलीपर्यंत पत्र्याचा आणि पाइपचा बाजार पसरला आहे. गिऱ्हाईक "३०४ द्या" एवढेच म्हणते. त्याला एक प्रश्न विचारावा : वेल्डिंग करून ॲसिडला लावणार का? उत्तर हो असेल तर एल द्यावा आणि मिलचे टेस्ट सर्टिफिकेट सोबत द्यावे. त्यावरचा हीट नंबर पत्र्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे, आणि त्यात कार्बनचा आकडा वाचला पाहिजे.

चुंबक लावून ३०४ ओळखण्याची सवय सोडावी. कमी निकेलचे, मँगनीज जास्त असलेले २००च्या मालिकेतले स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. हल्ली बाजारात पिस्तुलासारखे एक्स-रे यंत्र आले आहे. ते क्षणात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम सांगते, पण कार्बन मोजू शकत नाही. म्हणून ३०४ आणि ३०४ एल मधला फरक त्याला कळत नाही. त्यासाठी ठिणगी पाडणारे स्पेक्ट्रो यंत्र असलेल्या लॅबकडेच जावे लागते.

मोठे काम असेल तर त्याच पत्र्याचा वेल्डिंग केलेला तुकडा लॅबला द्यावा. ए-२६२ या अमेरिकन मानकानुसार दोन चाचण्या सर्रास होतात. पहिल्या चाचणीत ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये वीज सोडून दीड मिनिटात सूक्ष्मदर्शकाखाली बांध पाहतात. खंदकासारखे खोदलेले दिसले तर पुढची चाचणी घेतात. तीत तांब्याच्या तुकड्यांसह तांब्याचे सल्फेट आणि गंधकाम्ल यांत तुकडा पंधरा तास उकळून मग वाकवतात. चिरा पडल्या तर काम बाद. टाकी परत येण्याच्या खर्चापुढे या चाचणीचा खर्च काहीच नाही.

उगाच भीतीही घालू नये. जिन्याची रेलिंग, किचनचे टेबल, साधे सिंक यांना पातळ ३०४ चांगले चालते. पातळ पत्रा वेल्डिंगमध्ये झटकन थंड होतो आणि तिथे ॲसिडही नसते. तिथे महाग ग्रेड गळ्यात मारणे हाही गिऱ्हाइकावर अन्यायच आहे.

शेवटी

प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरचे धान्य कोरडे होते, पावसाने भिजलेले खाली होते. ते वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. पुढे काय म्हटले तेही आपणा सर्वांना ठाऊक आहे.

चुकीच्या भट्टीतून निघालेली स्टेनलेसची टाकी म्हणजे तोच ढीग होय. वरून कोरडी, आतून ओली. फरक एवढाच की त्या विक्रेत्याला ओल माहीत होती, मला माहीत नव्हती. पण लॅबचा कागद हाती आल्यावर मलाही माहीत झाली. तो कागद गिऱ्हाइकाला दाखवायचा की फाइलमध्ये दाबायचा, हा प्रश्न एक रात्र माझ्यापुढे होता. ड्रॉइंगमधली ओळ त्यांची होती, तिच्यामागे लपणे सोपे होते. मी कागद दाखवला. शेवटी पत्र्याचा खर्च दोघांनी अर्धा-अर्धा वाटून घेतला, मजुरी मी सोडली, आणि टाकी ३०४ एल मध्ये, भट्टीविना, नव्याने केली. ती अल्लाहच्या कृपेने चालू आहे. त्यानंतरच्या प्रत्येक कोटेशनमध्ये आम्ही ग्रेड, कार्बन, रॉड आणि "वेल्डिंगनंतर भट्टी नाही" असे स्पष्ट लिहितो. ड्रॉइंगमध्ये वेगळे असेल तर काम सुरू करण्यापूर्वी लेखी विचारतो.

आणि ज्या बुजुर्ग व्यापाऱ्यांना मी खोटे ठरवले होते, त्यांच्या दुकानी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "पत्रा अस्सल होता हे तुला लॅबने सांगितले. माणूस ओळखायला लॅब लागू नये."

कारागीर बंधूंनो, हजरत दाऊद (अ.) यांच्या हाती अल्लाहने लोखंड मऊ केले होते. आपल्या हाती त्याने अक्कल आणि विस्तव दिला आहे. विस्तव लावण्यापूर्वी अक्कल लावावी. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.